आप्पांच्या घाटातला तेरडा

आप्पांनी आंबोली घाट आयुष्यात किती वेळा पार केला असेल, याचा हिशेब आम्ही गडहिंग्लज सोडतानाच गाडीत मांडला. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली अकरा सावंतवाडीच्या ड्यूटीवर. आठवड्याला तीनदा खाली, तीनदा वर. रजा, संप, दरड पडून रस्ता बंद, असे सगळे दिवस वजा करूनही आकडा तीन हजारांच्या खाली येईना. "आणि एकदाबी गाडी घासलेली न्हाई," आप्पांनी हिशेबात स्वतःहून भर घातली.

हा हिशेब निघाला एका फुलावरून. गेल्या पावसाळ्यात मित्रानं मला एक फोटो पाठवला होता. काळाभोर ओला कातळ, त्याला चिकटल्यासारखी बदामाच्या आकाराची पानं आणि त्यातून वर आलेल्या दांड्यांवर गुलाबी फुलं. प्रत्येक फुलाच्या पाठीमागं एक लांब, वाकडी शेपटी. खाली लिहिलं होतं, 'आंबोली घाट, मोठ्या धबधब्याच्या अलीकडं.' मी तो आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल हातभर लांब धरला आणि निकाल दिला, "असलं काय न्हाई तितं."

त्यांचा घाट, आणि त्यांना ठाऊक नसलेलं फूल! म्हटलं, यंदा दोघं जाऊन बघूनच येऊ.

फुलाची थोडी ओळख आधी करून देतो. हा तेरडाच, पण आपल्या बांधावरचा नव्हे. शास्त्रीय नाव इंपेशन्स अकॉलिस. इंपेशन्स म्हणजे अधीर, कारण पिकलेल्या बोंडाला धक्का लागायचा अवकाश, ते फुटून बिया उधळतं. अकॉलिस म्हणजे खोड नसलेला. साधा तेरडा बी पडून उगवतो, फुलतो आणि पावसाळ्याबरोबर संपतो. हा मात्र बहुवर्षायू. कातळाच्या फटीत याचा छोटासा कंद असतो. पावसाळा सुरू झाला की कंदातून थेट पानं फुटतात, पाठोपाठ फुलं येतात. पाऊस गेला की वरचं सगळं वाळून जातं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत कंद त्या फटीत गपगार पडून राहतो. सह्याद्रीत कोकणापासून खाली केरळापर्यंत आणि पलीकडं श्रीलंकेत तो सापडतो. सावली हवी आणि पाझरणारा दगड हवा, या त्याच्या दोन अटी. मी त्याला दगडी तेरडा म्हणतो, या लेखापुरतं तुम्हीही म्हणा.

दिवस पहिला, सोमवार

मुद्दाम सोमवार धरला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीला जायचं म्हणजे धबधब्यापेक्षा माणसंच जास्त बघायची. गणपती आठवड्याभरावर आले होते, तेव्हा मुंबईकरांची गर्दी अजून सुरू व्हायची होती.

आजऱ्यापर्यंत नुसती भुरभुर होती. त्याच्या पुढं झाडी दाट होत गेली आणि दुपारी तीन वाजता हेडलाईट लावावे लागले. गाडी मी चालवत होतो. शेजारी बसलेल्या आप्पांच्या पायाखाली ब्रेक नाही, तरी प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जायचा. तोंडानं एक शब्द बोलले नाहीत. पण एकदा मी तिसऱ्यात वळण घेतलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इंजनाचं ऐकावं जरा माणसानं." मी गुपचूप दुसरा टाकला.

खोलीचा थोडा घोळ झाला. फोनवर ठरवलेली दरीकडची खोली दुसऱ्याच कुणाला दिली गेली होती. आम्हाला मागची, स्वयंपाकघराला लागून असलेली मिळाली. तीच बरी ठरली, कारण चुलीची ऊब भिंतीतून आत यायची. आंबोलीत पावसाळ्यात वाळलेलं असं काही नसतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर, घाटाच्या अगदी कडेला आहे. अरबी समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा इथंच अडतो. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उशी ओलसर, टॉवेल ओलसर, काडेपेटी तर विसराच.

घरच्या काकूंनी रात्री गरम भात, कुळदाची पिठी आणि तळलेल्या सांडग्या मिरच्या वाढल्या. श्रावण संपायला अजून काही दिवस होते, त्यामुळं माशाचं नाव काढायची सोय नव्हती आणि आप्पांना त्याचं मनापासून दुःख होतं. सावंतवाडीच्या मुक्कामी स्टँडामागच्या खाणावळीत बांगडा कसा मिळायचा, हे त्यांनी पिठी ओरपता ओरपता सविस्तर सांगितलं. पिठी मात्र तीनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर काकूंच्या मुलानं पडवीतून हाक मारली. पाण्याच्या टाकीवर वाकलेल्या फांदीवर पोपटी रंगाचा, तळहाताएवढा बेडूक बसला होता. मलबारचा उडता बेडूक. पोरानं टॉर्च जरा बाजूला धरली, तर बेडकानं पाय पसरले आणि बोटांमधला केशरी पडदा दिसला. त्या पडद्यावर तरंगत तो झाडावरून खाली येतो. आप्पा म्हणाले, "पॅराशूटच की हे!" आणि पुढची दहा मिनिटं जागचे हलले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: कपडे मोजून नेऊ नका, दुप्पट न्या. पेट्रोल आजऱ्यातच भरून घ्या. छत्री असावी, पण इथला पाऊस खालूनही येतो, त्यामुळं रेनकोटला पर्याय नाही. मोबाईलसाठी जाड प्लास्टिकची चेन असलेली पिशवी दहा-वीस रुपयांत मिळते, ती लाखाच्या कामाची आहे.

दिवस दुसरा, मंगळवार

सकाळी मी गाडीची किल्ली उचलली तर आप्पा म्हणाले, "गाडी राहू दे. चालत जाऊ." मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. एकोणसत्तर वर्षं वय, गुडघा कुरकुरतो. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. इतक्या वेळा उतरलेला हा घाट ते पायी एकदाही उतरले नव्हते.

बसस्टँडपासून मोठा धबधबा साधारण तीनेक किलोमीटर खाली आहे. सात वाजता निघालो. धुकं इतकं की समोरून येणारा ट्रक आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. आम्ही गटाराच्या कडेनं, एकामागं एक. आप्पा पुढं. मधेच थांबून वळणांची नावं सांगायचे. ही नावं नकाशात नाहीत, ड्रायव्हर लोकांनी आपापसात ठेवलेली. एक 'कंडक्टरचं वळण', कारण तिथं एकदा एक कंडक्टर लघवीला उतरला आणि त्याला सोडूनच गाडी पुढं गेली. एक 'सासू', कारण ते वळण संपलं असं वाटतं आणि संपत नाही. पूर्वीचा वस या घाटातल्या देवस्थानापाशी आल्यावर त्यांनी बूट काढून हात जोडले. "रोज हितं हॉर्न मारायचो. आज पायी आलोय तर नीट नमस्कार तरी हुईल."

आणि मी? मी कड्याकडं डोळे लावून चाललो होतो आणि चुकीच्या जागी शोधत होतो. डोक्यात एकच, की पाण्याचं फूल म्हणजे जिथं पाणी जास्त तिथं असणार. त्यामुळं प्रत्येक छोट्या धबधब्यापाशी थांबायचं, भिजायचं, लेन्स पुसायची आणि पुढं जायचं. तासाभरानं एका ठिकाणी गुलाबी ठिपके दिसले आणि मी ओरडलोच. जवळ जाऊन बघतो तर बेगोनिया.

बेगोनियाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट तो याच ओल्या कातळावरचा दुसरा मानकरी, तोही कंदावर जगणारा. एका बाजूला झुकलेलं पान बघितलं की ओळख पटते. देठाच्या एका अंगाला पान मोठं, दुसऱ्या अंगाला लहान, जणू शिंप्यानं कापड बेतताना चूक केली. आपल्याकडचा हा बेगोनिया क्रेनाटा. यात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, पण दोन्ही एकाच झाडावर. नर फुलात पिवळे पुंकेसर असतात, माशी पराग घ्यायला येते. मादी फुलाकडं माशीला द्यायला काहीच नसतं, तरी तिच्यातल्या पिवळ्या पिळदार कुक्षी, म्हणजे पराग धरणारे भाग, लांबून पुंकेसरांसारख्या दिसतात. माशी फसते आणि मादी फुलाचं काम होऊन जातं. मादी फुलाच्या मागं तीन पंखांचं फळ आधीपासूनच दिसतं, त्यावरून ती ओळखायची. हे मी आप्पांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पर तुझं फूल हे न्हवं न्हवं?"

नव्हतं.

धबधबा आला. मंगळवारची सकाळ असूनही दहा-बारा पोरं पायऱ्यांवर भिजत होती. टपरीवर चहा घेतला, भजी घेतली. कांदाभजीतला कांदा बाहेर कुरकुरीत आणि आत गरम. अशा पावसात भजी वाईट लागायला फार मोठी चूक करावी लागते. मी हिरमुसून बसलो होतो. आप्पांनी दुसरा चहा मागवला आणि विचारलं, "त्याला पाणी कसं लागतं म्हणालास? पडणारं का झिरपणारं?"

"झिरपणारं," मी म्हणालो आणि म्हणता म्हणताच माझं मला कळलं.

"मग तसं सांग की लेका! घाटात गाडी घालायची म्हंजे भिंतीचं पाणी बघावं लागतंय. स्वच्छ पाणी आलं तर काय न्हाई. गढूळ यायला लागलं, बारकी खडी गळायला लागली, की वळखायचं दरड येणार. झिर कुठं कुठं हाय ते मला ठाव हाय. चल वर."

परत चढणीला लागलो. येताना आम्ही एका नव्या सिमेंटच्या संरक्षक भिंतीजवळून गेलो होतो. तिच्या पुढं जुना दगडी कठडा आणि त्याच्या समोर कडा थोडा आत वळलेला. वरून झाडांनी छत धरलेलं. तिथं पाणी पडत नव्हतं, नुसतं पाझरत होतं. अख्खा कातळ घामेजल्यासारखा. सिमेंटच्या भिंतीवर साधं शेवाळही नव्हतं, आणि इथं बोट ठेवायला जागा नाही इतकी हिरवळ. आप्पांनी छत्रीचं टोक वर केलं. "हितली वल उन्हाळ्यातबी पुरी जात न्हाई. बघ."

डोक्याच्या वर दोन-तीन हातांवर ती होती. पहिल्यांदा सात-आठ फुलं दिसली. मग डोळ्यांना सवय झाली आणि त्या आतल्या वळणाला वरपासून खालपर्यंत तेरडाच तेरडा दिसायला लागला. एक झुपका माझ्या खांद्याच्या उंचीवर होता. सकाळी आम्ही दोघं त्याच्या चार फुटांवरून पुढं गेलो होतो.

जवळून बघितलं. पानं चार-पाचच, लांब देठांची, कडेला बारीक नक्षी, वर पाण्याचे मणी थरथरताहेत. खोड नाहीच. पानांच्या मधून वीतभर उंचीचा, पेन्सिलीच्या शिशाएवढा बारीक दांडा आलेला आणि त्याच्या टोकाला पाच-सहा फुलं. पाकळ्या मोजायला गेलं की फसायला होतं. खालच्या पाकळ्या जोडीजोडीनं चिकटलेल्या आणि टोकाशी फाटलेल्या, म्हणून पाच वाटतात, कधी सात. पाठीमागची शेपटी फुलाहूनही लांब, बारीक, पुढं वळलेली. तिच्या टोकाशी मध. ज्याची सोंड लांब त्यालाच तो मिळणार. फुलाच्या घशाशी पुंकेसरांची मिळून एक इवलीशी टोपी झालेली असते. आधी ती परागकण देते, मग गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेली कुक्षी उघडी होते. म्हणजे तेच फूल आधी नर आणि नंतर मादी. शेजारच्या दोन फुलांत हा फरक स्पष्ट दिसत होता, एकात टोपी होती आणि दुसऱ्यात गेलेली.

कातळावर शेवाळाच्या गादीत पिनेच्या टोकाएवढी पांढरी फुलंही होती. 'सीतेची आसवं' नावाच्या पठारावरच्या रानफुलाची ही कातळावर राहणारी चुलतबहीण. दिसायला गरीब, पण मुळाशी बारीक फुगे लावून कीटकांची शिकार करते.

तेवढ्यात आप्पांनी एका फुगलेल्या बोंडाला बोट लावलं. टप्! आप्पा दचकून एक पाऊल मागं सरकले आणि गटारात पाय गेला. मग हसत सुटले. "हा तर आपल्या तेरड्यासारखाच उडतोय की!" लहानपणी परड्यातल्या तेरड्याची बोंडं फोडायचा खेळ कुणी खेळला नाही? त्यांनी अजून दोन फोडली. मी तिसऱ्याला आडवा आलो.

पाय घोट्यापर्यंत भिजला होता, आणि संध्याकाळी मोजा काढला तेव्हा आत जळू सापडली. काकूंनी मीठ टाकलं, ती सुटली. रक्त मात्र अर्धा तास थांबेना.

जाणाऱ्यांसाठी: वळणावर गाडी उभी करू नका, फूल कितीही सुंदर असलं तरी. धबधब्याजवळ गाडी लावा आणि कड्याच्या बाजूनं चालत या. धुक्यात भडक रंगाचा रेनकोट घाला. फोटोसाठी फ्लॅश वापरला तर ओला कातळ नुसता चमकतो, त्यापेक्षा कुणाला तरी बाजूनं छत्री धरायला सांगा आणि पांढऱ्या रुमालावरून उजेड परतवा. गरम खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढलात तर लेन्सवर वाफ धरते. माझी पहिली वीस मिनिटं तशीच गेली. आणि हात जोडून सांगतो, उपटून घरी नेऊ नका. कुंडीत हा सहजासहजी जगत नाही आणि कंद गेला की त्या फटीतून तो कायमचा गेला. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हा चांगला काळ.

दिवस तिसरा, बुधवार

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी बाहेर येते, तिथंच देऊळ. ही नदी पुढं आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते. म्हणजे जिच्या डोहात आप्पा पोहायला शिकले तीच. उगमाशी ते पहिल्यांदाच आलेले. ओंजळभर पाणी पिऊन म्हणाले, "गावाकडं लई पसरलीया. हितं किती बारकी हाय!" मला गंमत वाटली ती अशी, की इथलं पाणी घटप्रभेतून कृष्णेला आणि पुढं बंगालच्या उपसागराला जातं, आणि कालच्या कातळावरून झिरपणारं अरबी समुद्राला. दोन्हींत अंतर जेमतेम काही किलोमीटरचं.

कुंडात बोटभर मासे फिरत होते. इथल्या पाण्यातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा विज्ञानाला नवा म्हणून २०२० साली नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. गावकरी त्याला देवाचा मासा म्हणतात आणि धरत नाहीत. मला दिसले ते तेच होते का, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

दुपारी कावळेसादला गेलो आणि तिथं काहीही दिसलं नाही. वाऱ्यानं धबधबा उलटा वर येतो म्हणून लोक जातात. आम्हाला रेलिंग दिसलं, रेलिंगला टेकलेलं एक कुत्रं दिसलं आणि त्यापुढं पांढरं. मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईंनी मात्र भरपूर तिखट-मीठ लावून दिलं. वारा इतका की कणसावरचं मीठ शेजाऱ्याला लागत होतं. एवढ्यासाठी पुन्हा जाईन.

परत आलो तर घरात गणपतीची धांदल सुरू होती. भिंतीला रंग, भांड्यांना चिंच, आणि ओटीवर काकूंच्या सासूबाई माटवीच्या सामानाची यादी करत बसलेल्या. कवंडळ कोण आणणार, कांगलं कुठं मिळतील, शेरवडाची पानं अजून आहेत का. गणपतीच्या वर बांधायच्या माटवीला रानातलं काय काय लागतं ते आजींना तोंडपाठ. मी मोबाईल पुढं केला.

"आजी, हे काय म्हणायचं?"

त्यांनी फोटो नीट निरखला. "तेरडोच ह्यो. पण गौरीक चलना नाय."

"का?"

"गौर उभी करूची तर तेरड्याक खोड होया ना? ह्येका खोड खंय आसा?"

अकॉलिसचा अर्थ मी पुस्तकात शोधून काढला होता. आजींनी तो दोन वाक्यांत सांगून टाकला, तोही कामाच्या बाजूनं. इथं गौर म्हणून तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणतात. या तेरड्याला आणायला काही नाहीच, आणि बहुधा म्हणूनच तो कातळावर सुखानं राहिलाय.

"लहानपणी आमी म्हशीमागे जावचो तेवा खूप बघलंव," आजी म्हणाल्या. "कड्यावयलो तेरडो. त्येका कोण हात लावना नाय."

आप्पा जरा नाराज झाल्यासारखे दिसले. आजींना ठाऊक होतं, म्हशींना ठाऊक असणार, आणि घाटाचे बादशहा ते तेवढे राहिले.

रात्री घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. याच्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, एवढंच सांगतो की मी सात घावणे खाल्ले आणि काकूंनी आठवा न विचारता वाढला.

दिवस चौथा, गुरुवार

परतीचा दिवस. गाडी वरच होती, घरचा रस्ता वरूनच. पण सकाळी आप्पा आंघोळ करून, भांग पाडून तयार. "दाणोलीपातूर एसटीनं खाली जाऊ आणि तिच्यानंच वर येऊ. तासाभराचं काम."

मी कारण विचारलं नाही. लाल गाडी धुक्यातून आली. आप्पांचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. ड्रायव्हर पस्तिशीचा असेल. आप्पांनी आधी पुढं जाऊन त्याला आपला बिल्ला नंबर सांगितला, डेपो सांगितला. पोरगं स्टेअरिंगवरूनच वाकून पाया पडलं. "बसा की पुढं, काका." पण आप्पा पुढं बसले नाहीत. मागं आले आणि कड्याच्या बाजूची खिडकी धरून बसले. काच वर केली. पाऊस आत येतोय म्हणून मागची बाई कुरकुरली, तर तिला म्हणाले, "दोन वळणं दम धरा बाई, मग लावतो."

सासू गेली. वसापाशी ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आप्पांचं डोकं खिडकीबाहेर जाईल की काय असं झालं, मी त्यांच्या शर्टाला धरून ठेवलं. ती आत वळलेली जागा आली, हिरव्यात गुलाबी रंगाचा एक फराटा उठला आणि गेला. दोन सेकंद. फार तर तीन.

काच लावून त्यांनी खिशातून फोन काढला. सावंतवाडी ड्यूटीला त्यांच्याबरोबर कंडक्टर असलेल्या दत्तूकाकांना लावला. घाटात रेंज येत-जात होती, त्यामुळं सगळी गाडी ऐकेल एवढ्या मोठ्यानं.

"दत्तू, घाटातनं बोलतोय... आरं आंबोलीच्या! ती झिर आठवती का, जुन्या कठड्यासमोरची? उन्हाळ्यात इंजनात घालायला पाणी घ्यायचो बघ... हां, तीच. तितं भिंतीवर फुलं हाईत... तेरडा. गौरीचा न्हवं, गौरीला चालत न्हाई त्यो, खोड नसतंय... न्हाई, नवीन न्हवं. कांदा असतोय त्याचा दगडात, दरसाली येतोय... आरं आपल्या येळेलाबी हुता!"

पलीकडून दत्तूकाका काहीतरी बोलले. रेंज गेली. आप्पांनी फोन खिशात टाकला आणि समोर बघत बसले. पुढचं वळण जरा आवळतं होतं. पोरानं गिअर बदलला, आणि आप्पांचा उजवा पाय एसटीच्या पत्र्यावर आपसूक दाबला गेला.